गॅरेजच्या कोब्यावरचे ऑइलचे डाग: क्रम चुकला की डाग पक्का होतो

गॅरेजच्या काँक्रीटवर ऑइल सांडलं की बहुतेकांचा हात आधी पाण्याच्या पाइपकडे जातो. त्यानं भागलं नाही की पेट्रोल, मग ॲसिड, आणि शेवटी तारेचा ब्रश. या चारही उपायांनी डाग एकतर आणखी खोल बसतो, नाहीतर कोबाच खराब होतो. वापरलेलं साहित्य दर वेळी चुकीचं असतं असंही नाही. चांगलं डीग्रीझर (तेल-ग्रीस सुटवणारं क्लीनर) आणूनही ते चुकीच्या वेळी ओतलं, पाच मिनिटांत धुऊन टाकलं, तर डाग तिथंच राहतो आणि दोष डीग्रीझरला जातो.

काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसलं तरी आत बारीक छिद्रांचं जाळं असतं. केशाकर्षणानं ऑइल या छिद्रांतून खाली आणि आजूबाजूला सरकत राहतं. त्यामुळे डाग काढणं म्हणजे पृष्ठभाग घासणं नव्हे, आत गेलेलं ऑइल वर ओढून घेणं. पुढचा सगळा क्रम यावरच बेतलेला आहे: आधी कोरडं शोषून घ्यायचं, मग उरलेलं सुटवायचं, सुटलेलं उचलायचं आणि सगळ्यात शेवटी धुवायचं.

## टप्पा १: डाग कशाचा आहे ते ओळखा

सगळे काळपट डाग इंजिन ऑइलचे नसतात, आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही. डागावर पांढरा कागद किंवा टिश्यू दाबून धरा. डाग ओला असेल तर त्यावर रंग उमटतो.

- तपकिरी ते काळा, बुळबुळीत: इंजिन ऑइल. हा लेख मुख्यतः याच्यासाठी आहे.
- लालसर: बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. उपाय तोच.
- हिरवा, नारिंगी किंवा गुलाबी, पाण्यासारखा पातळ: कूलंट. हे पाण्यात विरघळतं, त्यामुळे शोषून घेऊन साबणाच्या पाण्यानं निघतं. मात्र त्यातलं एथिलिन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोडसर असल्यानं कुत्री-मांजरं ते चाटतात. डाग राहिला तरी चालेल, पण साचलेलं कूलंट तसंच सोडू नका.
- फिकट पिवळसर, चाकाजवळ: ब्रेक ऑइल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलवर आधारलेली असतात, त्यामुळे साबण आणि पाणी पुरतं. गाडीच्या रंगावर मात्र थेंब उडू देऊ नका, रंग उचलला जातो.
- नारिंगी-तपकिरी, कोरडा, कागदाला न लागणारा: हा गंज आहे. डीग्रीझर कितीही ओतलं तरी त्यावर काही होणार नाही.

दुसरी गोष्ट, कोब्यावर आधीच सीलर (छिद्रं बंद करणारं लेपन) किंवा रंगाचा थर आहे का ते बघा. डागापासून दूर, स्वच्छ जागी पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल राहिले तर वर थर आहे आणि ऑइल कदाचित आत गेलेलंच नाही. अशा वेळी भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी एवढ्यावर काम होतं. तीव्र रसायनं वापरली तर उलट तो थरच निघेल. पाणी एक-दोन मिनिटांत आत जिरून जागा गडद झाली, तर कोबा उघडा आहे. पुढचे टप्पे अशाच कोब्यासाठी आहेत.

तपासणी: गाडीतून अजून ठिबकतंय का? गाडी उभी राहते त्या जागी रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसले तर आधी गळती बंद करा. ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टरची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट ही तीन ठिकाणं पहिल्यांदा पाहावीत. गळती चालू असताना डाग काढणं ही निव्वळ वाया जाणारी मेहनत आहे.

## टप्पा २: सामान आधी जमवा

काम सुरू झाल्यावर मध्येच ब्रश शोधायला उठलात तर तेवढ्यात डीग्रीझर वाळतं. म्हणून हे सगळं हाताशी ठेवा:

- शोषक: लाकडाचा बारीक भुसा, मांजरांसाठी मिळणारी साधी चिकणमातीची दाणेदार वाळू (गुठळी बांधणारी नको), मुलतानी माती किंवा टाल्क पावडर
- पाण्यात मिसळणारं अल्कधर्मी डीग्रीझर. ते नसेल तर धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड
- ताठ केसांचा नायलॉनचा ब्रश, शक्यतो लांब दांड्याचा
- प्लॅस्टिकची खरवडणी किंवा रुंद पट्टी
- जुनी फडकी, रबरी वायपर, सूपडी, दोन बादल्या. ओलं खेचणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फार सोपं जातं
- जाड प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी
- डोळ्यांचा चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, बंद बूट

भुसा आणि दाणेदार माती यांत निवड करायची झाली तर मी मातीच घेईन. ती जड असल्यानं ऑइलला चिकटून बसते, वाऱ्यानं उडत नाही, आणि पायाखाली चिरडली की तिचं बारीक पीठ होऊन छिद्रांच्या तोंडाशी पोचतं. भुसाही चालतो, पण तो ऑइलनं भिजला की चांगला पेटतो. कोरडं सिमेंट पसरायचा सल्ला अनेकजण देतात. ते शोषतं हे खरं, पण जरा ओल लागली की तिथंच आवळून बसतं, आणि मग एकाच्या जागी दोन गोष्टी काढाव्या लागतात.

सावधान: तारेचा ब्रश सामानात घेऊच नका. लोखंडी तारांचे बारीक तुकडे कोब्यात रुततात आणि काही दिवसांनी तिथं गंजाचे ठिपके उमटतात.

## टप्पा ३: जागा तयार करा

गाडी बाहेर काढा, दार पूर्ण उघडं ठेवा, मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवा. आजूबाजूची धूळ आणि खडे झाडून घ्या, पण डागावरून झाडू फिरवू नका. झाडूला लागलेलं ऑइल गॅरेजभर फिरतं.

डागाभोवती खडूनं रेघ ओढा. हे क्षुल्लक वाटेल, पण ओल्या कोब्यावर डाग आणि पाणी दोन्ही सारखेच गडद दिसतात, आणि कुठं घासायचं तेच कळेनासं होतं. रेघ डागाच्या कडेपासून चार बोटं लांब ठेवा.

मग उताराच्या बाजूला, गटाराचं तोंड असेल तिथं, शोषक मातीचा किंवा गुंडाळलेल्या फडक्यांचा बांध घाला. ऑइल मिसळलेलं पाणी पावसाच्या पाण्याच्या गटारात जाता कामा नये. ते पाणी बहुतेक ठिकाणी कोणतीही प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नदीत पोचतं.

कोबा नवा असेल तर ओतल्यापासून २८ दिवस पूर्ण होईपर्यंत तीव्र रसायनं लावू नका. तोवर फक्त कोरडं शोषण करा.

## टप्पा ४: कोरडं शोषण

ताजं ऑइल असेल तर हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. नीट केला तर पुढच्या निम्म्या कामाची गरज राहत नाही.

साचलेलं ऑइल आधी फडक्यानं टिपून घ्या. टिपा, पुसू नका. पुसलं की कडेचा स्वच्छ कोबाही ऑइल पितो. फडकं वरून दाबायचं, सरळ उचलायचं, नव्या घडीनं पुन्हा दाबायचं. टिपताना डागाच्या कडेकडून मध्याकडे यावं.

मग शोषक माती बोटभर जाडीनं पसरा, डागाच्या बाहेरपर्यंत. जाड बूट घालून त्यावर उभं राहा आणि टाचेनं ती गोल गोल चिरडत जा. नुसती माती पसरून निघून जाणं ही इथली नेहमीची चूक. मोठे दाणे फक्त वर तरंगणारं ऑइल घेतात. छिद्रांच्या तोंडातलं ऑइल घ्यायला बारीक पीठ लागतं.

ताज्या सांडलेल्या ऑइलवर ही माती किमान काही तास, शक्यतो रात्रभर राहू द्या. मग गोळा करून ती गडद झाली आहे का पाहा. झाली असेल तर ताजी माती पसरून पुन्हा तेच करा, आणि माती कोरडीच परत येईपर्यंत करत राहा.

जुना, वाळलेला डाग असेल तर वर चिकट थर जमलेला असतो: ऑइल, धूळ आणि टायरची घाण यांचा. हा थर आधी प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा. तो ठेवून डीग्रीझर ओतलं तर सगळं डीग्रीझर या थरावरच खर्च होतं आणि खाली काही पोचतच नाही.

सावधान: ऑइल भरलेली माती, भुसा आणि फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा आणि धोकादायक कचरा म्हणून द्या. जवसाचं तेल किंवा त्याचं वॉर्निश लागलेली फडकी यात मिसळू नका. ती वाळताना स्वतःहून तापतात आणि गोळा करून ठेवली तर पेट घेऊ शकतात.

तपासणी: डागावर कोरडा टिश्यू ठेवून तळव्यानं अर्धा मिनिट दाबा. टिश्यूवर तेलकट ठसा उमटत असेल तर पाण्याला अजून हात लावू नका.

## टप्पा ५: डीग्रीझर

आधी एक रसायनशास्त्राची गोष्ट, कारण इथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. स्वयंपाकाचं तेल कॉस्टिक सोड्याबरोबर साबण बनून सुटतं. इंजिन ऑइल हे हायड्रोकार्बन आहे, त्याचा साबण होत नाही. त्यामुळे सोडा जितका तीव्र तितका डाग लवकर जाईल हा हिशेब इथं लागू पडत नाही. इंजिन ऑइल सुटतं ते पृष्ठसक्रिय घटकांमुळे, म्हणजे भांड्यांच्या लिक्विडमध्येही असतात त्या रेणूंमुळे. ते ऑइलचे बारीक थेंब करून पाण्यात धरून ठेवतात. सोडा त्यांना मदत करतो, घाण आणि चिकट थर सैल करतो, पण एकटा पुरत नाही. कॉस्टिक सोडा घरी वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कातडी आणि डोळे जाळतो, ॲल्युमिनिअमशी त्याची क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो, आणि या डागावर त्याचा वेगळा फायदाही नाही.

मिश्रण. विकतचं डीग्रीझर असेल तर डब्यावर भरपूर घाण असलेल्या जागेसाठी दिलेलं प्रमाण घ्या. घरी करायचं असेल तर एक लिटर चांगल्या गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा आणि त्यात दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड घाला. खायचा सोडा इथं फारच सौम्य पडतो, जुन्या डागावर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. कोपऱ्यात हातभर जागेवर आधी चाचणी घ्या, रंग बदलत नाही ना ते पाहा.

ओतण्याचा क्रम.

१. डागाभोवतीचा स्वच्छ कोबा, खडूच्या रेघेच्या बाहेर, साध्या पाण्यानं ओलसर करा. ओल्या छिद्रांत घाण पाणी सहज शिरत नाही, त्यामुळे डागाला कडं पडत नाही. डाग स्वतः कोरडाच ठेवा. त्याची छिद्रं आधीच पाण्यानं भरली तर डीग्रीझरला आत जायला जागा उरत नाही.

२. गरम मिश्रण डागावर ओता, कडेकडून मध्याकडे. डाग पूर्ण झाकला गेला पाहिजे.

३. दोन मिनिटं ब्रशनं घासून मिश्रण आत मुरवा आणि थांबा. १५ ते ३० मिनिटं काही करू नका. लोकांचा धीर इथंच सुटतो. घासल्यानं जेवढं काम होतं त्यापेक्षा जास्त काम या थांबण्यानं होतं.

४. या वेळात जागा वाळू देऊ नका. कडा सुकायला लागल्या की थोडं मिश्रण शिंपडा. ऊन किंवा वारा असेल तर वर प्लॅस्टिकचा कागद टाका. डीग्रीझर वाळलं तर सुटलेलं ऑइल जागच्या जागी पुन्हा बसतं, वर सोड्याची पांढरी पापडी धरते.

५. आता जोर लावून घासा. आधी उभं, मग आडवं, मग गोल. फेस तपकिरी किंवा राखाडी होईल. तो तसा होतोय म्हणजे काम होतंय.

सावधान: अल्कधर्मी डीग्रीझर ॲल्युमिनिअमच्या रिमवर आणि गाडीच्या रंगावर उडू देऊ नका. कोणतंही डीग्रीझर ब्लीच, ॲसिड किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनियातून क्लोरामाइन. बंद गॅरेजमध्ये दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. ब्लीचनं ऑइल निघतही नाही.

## टप्पा ६: आधी उचला, मग धुवा

घासून झाल्यावर सरळ पाण्याचा पाइप सोडला तर पातळ झालेलं ऑइल सगळ्या गॅरेजभर पसरतं आणि स्वच्छ जागी मुरतं. म्हणून तो काळा फेस आधी उचला. व्हॅक्यूम असेल तर त्यानं खेचा. नसेल तर फेसावर शोषक माती टाका, ती घाण पाणी पिऊन घट्ट झाली की सूपडीनं भरा.

मग गरम पाणी थोडं थोडं ओता, वायपरनं बांधाकडे ओढा, उचला. असं दोन-तीन वेळा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसेनासा होईपर्यंत आणि कोबा हाताला बुळबुळीत लागेनासा होईपर्यंत धुणं संपलं असं समजू नका. बुळबुळीतपणा राहिला तर तिथं साबण किंवा सोडा उरला आहे, आणि अशा जागी नंतर लावलेला रंग धरत नाही.

प्रेशर वॉशर वापरायचा असेल तर तो इथं, घाण उचलल्यानंतर, आधी कधीच नाही. २५ किंवा ४० अंशांचा पसरट नोझल लावा आणि तो कोब्यापासून साधारण फूटभर लांब ठेवा. शून्य अंशांच्या नोझलची धार काँक्रीटची वरची साय उडवते आणि चर पडतात. पाणी गरम करणारं यंत्र मिळालं तर तेच घ्या, कारण ऑइल उष्णतेनं पातळ होतं.

## टप्पा ७: वाळू द्या आणि खरं काय ते बघा

ओला कोबा निकाल सांगत नाही. पूर्ण वाळू द्या, किमान एक दिवस, दमट हवेत दोन-तीन. मग पुन्हा थेंबांची तपासणी करा, या वेळी डागाच्या बरोबर मधोमध.

- थेंब आजूबाजूच्या कोब्याइतकाच लवकर जिरला: आत ऑइल उरलेलं नाही. सावली दिसत असेल तर ती रंगाची आहे, तेलाची नाही.
- थेंब गोल राहिला किंवा फार हळू जिरला: छिद्रांत अजून ऑइल आहे.

डाग फिकट होत चालला असेल तर टप्पा ५ आणि ६ पुन्हा करा. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागणं अगदी नेहमीचं आहे. एका फेरीनंतर दुसरीत काहीच फरक पडला नाही, तर तिसरी करण्यात अर्थ नाही. उरलेलं ऑइल ब्रशच्या आवाक्याबाहेर आहे, ते पोटीस (शोषक लेप, टप्पा ८) लावूनच येईल.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. स्वच्छ वाटलेला डाग आठवड्याभरानं पुन्हा उगवला तर घाबरू नका. खोलवरचं ऑइल उष्णतेनं पातळ होऊन हळूहळू वर चढतं. ते वर आलं हे चांगलंच आहे, आता ते उचलता येईल.

## टप्पा ८: पोटीस

पोटीस म्हणजे शोषक भुकटी आणि ऑइल विरघळवणारा द्रव यांचा घट्ट लेप. द्रव आत शिरून ऑइल विरघळवतो, आणि लेप वरून वाळायला लागला की द्रव वर ओढला जातो, सोबत ऑइल घेऊन. हे काम वाळताना होतं, लावताना नाही. त्यामुळे पूर्ण वाळण्याआधी लेप काढणं म्हणजे सगळी मेहनत फुकट.

कोणता द्रव? आधी पाण्याची पोटीस करून पाहा, कारण तिला आगीचा धोका नाही. ट्रायसोडियम फॉस्फेट मिळत असेल तर एक लिटर गरम पाण्यात साधारण १२० ग्रॅम, नसेल तर टप्पा ५ मधलंच सोड्याचं मिश्रण. ते खडूच्या भुकटीत किंवा मुलतानी मातीत कालवा. त्यानं भागलं नाही तरच मिनरल टर्पेंटाइन किंवा ॲसिटोन या द्रावकांकडे (ऑइल विरघळवणाऱ्या द्रवांकडे) वळा.

लेप किती घट्ट? भिंतीवर थापला तर ओघळणार नाही इतका. पातळ लेपातला द्रव बाजूला पळतो आणि डाग मोठा करतो. फारच घट्ट, कोरडा लेप छिद्रांना नीट चिकटत नाही. भुकटीत द्रव थोडा थोडा घालत जा, द्रवात भुकटी नको.

१. जागा कोरडी आणि धूळमुक्त करा.

२. लेप ६ ते १० मिलिमीटर जाडीनं थापा, डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल असा. थापीनं दाबून आतली हवा काढा. लेप आणि कोबा यांच्यामध्ये पोकळी राहिली तर तेवढी जागा तशीच राहते.

३. वर प्लॅस्टिकचा कागद घालून कडा चिकटपट्टीनं बंद करा. ॲसिटोन असेल तर हे झटपट करा, नाहीतर ते आत शिरण्याआधीच उडून जातं.

४. २४ तासांनी कागद काढा. लेप आता उघड्यावर पूर्ण वाळू द्या, तडे जाऊन कडा उचलेपर्यंत. याला आणखी एखादा दिवस लागू शकतो. कागद शेवटपर्यंत ठेवणं ही इथली मोठी चूक आहे, कारण झाकलेला लेप वाळत नाही आणि न वाळलेला लेप काही ओढत नाही.

५. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा आणि खालची बाजू बघा. ती पिवळट किंवा तपकिरी झाली असेल तर पोटीस काम करते आहे. ताज्या भुकटीनं पुन्हा लावा. वापरलेला लेप परत कालवू नका, त्यातलं ऑइल पुन्हा कोब्यात जाईल.

६. शेवटी एकदा साबणाच्या गरम पाण्यानं धुवा. टर्पेंटाइन वापरलं असेल तर हे टाळू नकाच, कारण त्याचा स्वतःचाही थोडा अंश मागे राहतो.

सावधान: ॲसिटोन आणि टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत खड्ड्यात, गटारात आणि शेजारच्या खोलीतल्या गीझरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. ॲसिटोन तर शून्याखालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. दार-खिडक्या सगळा वेळ उघड्या, गॅसचा गीझर बंद, ठिणगी उडेल असं कोणतंही यंत्र बंद. कापडी मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. नायट्राइलचे मोजे ॲसिटोनमध्ये टिकत नाहीत, त्यासाठी ब्युटाइल रबराचे घ्या. लेप वाळत असताना रात्री गॅरेज बंद करावं लागणार असेल तर द्रावकाची पोटीस लावूच नका.

घाई नसेल तर सूक्ष्मजीव असलेली क्लीनर्सही मिळतात. हे जीव ऑइल खाऊन त्याचं विघटन करतात. जागा काही दिवस ते काही आठवडे ओलसर ठेवावी लागते, आणि त्याआधी ब्लीच किंवा तीव्र डीग्रीझर वापरलं असेल तर ते पूर्ण धुवावं लागतं, नाहीतर जीव मरतात. बंद गॅरेजमध्ये, जिथं द्रावक वापरणं धोक्याचं आहे, तिथं मी हाच मार्ग निवडेन.

## हे कधीच करू नका

पेट्रोल किंवा रॉकेल. ऑइल त्यात विरघळतं म्हणून डाग लगेच फिकट दिसतो. प्रत्यक्षात पातळ झालेलं ऑइल खाली आणि बाजूला गेलेलं असतं, वाळल्यावर दुप्पट आकाराचा डाग दिसतो. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं. एका डागासाठी हा धोका पत्करू नये.

ॲसिड. ॲसिड सिमेंट खातं, ऑइलला काही करत नाही. उलट ऑइलनं झाकलेला भाग वाचतो आणि भोवतालचा खरवडला जातो. नवी छिद्रं उघडतात, पुढचं ऑइल आणखी लवकर मुरतं.

ब्लो टॉर्चनं जाळणं. छिद्रांतल्या ओलाव्याची वाफ होऊन काँक्रीटचे कपचे उडतात, तेही तोंडाच्या दिशेनं. शिवाय विषारी धूर.

नट-बोल्ट सोडवायचा स्प्रे. वाळलेला थर त्यानं मऊ होतो, हे खरं. पण त्यात स्वतःचंच तेल असतं. ते काढायला पुन्हा टप्पा ५.

## टप्पा ९: उरलेली सावली आणि पुढची काळजी

पाणी व्यवस्थित जिरतंय तरी करडी सावली दिसतेय, तर ती काजळीची आहे. तिच्या मागे लागून कोबा झिजवू नका. बऱ्याचदा प्रश्न उलटा असतो: डागाची जागा इतकी स्वच्छ झालेली असते की बाकीचा कोबा मळका दिसतो. मग सौम्य डीग्रीझरनं संपूर्ण गॅरेज एकदा धुऊन घेणं हाच उपाय.

इपॉक्सी किंवा रंग लावायचा विचार असेल तर थेंबांची तपासणी जास्त काटेकोर हवी. थोडंही ऑइल उरलं तर तिथं रंग गोल गोल मागे सरतो किंवा काही महिन्यांनी पापुद्र्यासारखा सुटतो. धुतल्यानंतर ओल्या कोब्यावर पीएच पट्टी लावून बघा. सोडा उरला असेल तर आकडा स्वच्छ कोपऱ्यातल्या आकड्यापेक्षा वर जाईल, मग पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. ओलावा तपासायला सुमारे दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवा. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा कोबा गडद झाला तर अजून थांबा.

रंग नको असेल तर सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं आत मुरणारं सीलर लावा. त्यानं पाणी आत शिरत नाही, पण ऑइल अडवण्याची ताकद प्रत्येक उत्पादनात वेगळी असते, म्हणून डब्यावर ऑइलरोधक असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचून घ्या. लावण्याआधी कोबा पूर्ण कोरडा हवा.

गाडी उभी राहते तिथं गळती पकडणारा पत्र्याचा ट्रे ठेवा आणि त्यात थोडी शोषक माती पसरून ठेवा. तीच माती डबाभर भिंतीशीही असू द्या. ऑइल बदलताना थेंब सांडला तर पहिल्या दहा मिनिटांत त्यावर मूठभर माती पडली पाहिजे. पाण्याचा पाइप त्या दिवशी लागणारच नाही.